फळ्यावरचे सातशे साठ

संपादकांचा निरोप आला: "प्रयोगशाळेतल्या गमतीजमती लिहा. दिवाळीचा अंक आहे, वाचकाला हसू आलं पाहिजे." हसू आणायला माझी हरकत नाही. पण त्या खोलीची आठवण झाली की माझी कानशिलं अजून तापतात. बायको म्हणते, नोकरी सुटली, आता तरी सोडा. सोडतो, पण आधी लिहितो.

यवतमाळच्या एका कॉलेजात मी पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. हा कोणता प्राणी, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. "जावई प्रोफेसर आहेत," असं ते लोकांना सांगत आणि मग माझ्याकडे बघून खोकत. प्राध्यापक फळ्यावर नियम सांगतो. तो नियम खरा उतरतो की नाही, हे पोरांना आपल्या हातानं करून बघायला लावायचं, ही डेमॉन्स्ट्रेटरची नोकरी. उपकरणं पुसायची, तुटली तर प्राचार्यांची बोलणी खायची, आणि पोरांच्या जर्नलांवर लाल पेन्सिलीनं सह्या करायच्या. आमची प्रयोगशाळा सरकीच्या जुन्या गोदामात होती. हंगामात शेजारच्या सरकी काढायच्या जिनातून कापसाचे तंतू उडत येत आणि थेट नाजूक तराजूच्या पारड्यात जाऊन बसत. ते फुंकून काढण्यात माझी निम्मी हयात गेली.

बाहेरच्यांना वाटतं, प्रयोगशाळेत शोध लागत असतील. आमच्याकडे लागत असे तो फक्त मेळ. 'रीडिंग जमवणे' हा आमच्या धंद्यातला शब्द. पुस्तकात उत्तर काय आहे ते आधी बघायचं, मग उलटा हिशोब करत मागे जायचं आणि आपल्याला काय दिसायला हवं होतं ते लिहायचं. पुसदच्या एका कापूस-व्यापाऱ्याच्या चिरंजीवांनी तर कमाल केली. लंबकाचा प्रयोग होता. दोऱ्याला बांधायचा पितळी गोळा माझ्या टेबलावर, माझ्या चहाच्या कपाशेजारी पडलेला, आणि चिरंजीवांचं उत्तर जर्नलात हजर, अगदी पुस्तकातलं.

"अरे, गोळा इथं आहे. तू हलवलंस काय?"

"सर, उत्तर तं बराबर हाय ना?" तो म्हणाला. त्याला खरोखरच कळेना, मी कशाला चिडतोय.

त्याचं तरी काय चुकलं? त्याला शिकवलंच होतं तसं. आमचे विभागप्रमुख प्राध्यापक टेंभेकर. उंच, गोरे, कडक इस्त्रीचे, इंग्रजी असं की ऐकत राहावं. ते वर्गात सांगत, "निसर्गाचे नियम हे ईश्वराचे हुकूम आहेत. पाणी, वारा, वीज, सगळे ते पाळतात. तुम्हीही पाळा." पोरं मान डोलावत. एकदा एका पोरानं साधा विजेचा दिवा तारेत जोडला आणि विजेचा दाब वाढवत प्रवाह मोजला. नियमाप्रमाणे दाब दुप्पट तर प्रवाह दुप्पट व्हायला हवा. तो होईना. पोरगा माझ्याकडे आला. "सर, हा दिवा नियम पाळून नाही राह्यला." मी खूष झालो. त्याला म्हटलं, दिव्यातली तार तापते ना, आणि तो नियम तापमान सारखं राहिलं तरच लागतो. नियमाला अट असते. टेंभेकरांनी ते ऐकलं आणि दिवा उचलून कपाटात ठेवून दिला. "अभ्यासक्रमात नाही," म्हणाले.

आता तुम्ही कंटाळायच्या आत एवढं सांगून घेतो, कारण माझा सगळा राग यात आहे. दोन-तीनशे वर्षांमागे मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही टेंभेकरांसारखंच वाटे. वरचा एक राजा आहे, त्यानं कायदा केला, आणि गोटे, ग्रह, पाणी तो पाळतात. पण लोक मोजत गेले, पुन्हा पुन्हा मोजत गेले, आणि हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की कुणी कुणाला हुकूम दिलेला नाही. नियम म्हणजे आपण जे पाहिलं त्याचं थोडक्यात केलेलं टिपण. मग कळलं की त्या टिपणाला अटी आहेत. अट बदलली की आकडा बदलतो. मग आमच्या शतकात तर असंही निघालं की अगदी बारीक कणांच्या बाबतीत एकट्यादुकट्याचं काही सांगताच येत नाही, हजारो मिळून काय करतील तेवढंच सांगता येतं. म्हणजे 'नियम' हा शब्द तोच राहिला आणि त्याच्या आतला माल पार बदलला. हुकूम होता, त्याची साक्ष झाली. आणि साक्ष खोटी ठरू शकते, हीच तिची इज्जत आहे. हे सगळं टेंभेकरांच्या खोलीतल्या पुस्तकांत छापलेलं होतं. मी त्यातूनच वाचलं.

त्या खोलीत आणखी एक वस्तू होती. वायुदाबमापक. काचेची उंच नळी, तीत पारा, लाकडी पेटी, पितळी मोजपट्टी. हवेचा भार किती आहे ते पाऱ्याच्या उंचीवरून वाचायचं. कॉलेज निघालं तेव्हा एका देणगीदारानं कलकत्त्याहून मागवलेली. पारा सांडेल, पोरं फोडतील, म्हणून टेंभेकरांनी ती आपल्या खोलीत काचेच्या कपाटात टांगली, कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या जानव्याला बांधली. दसऱ्याला आमच्याकडे उपकरणांची पूजा असे. तेवढं कपाट उघडत, पेटीला हळदकुंकू लावत, झेंडूची माळ घालत आणि पुन्हा बंद. तिच्यावरचा आकडा वाचताना मी कुणाला पाहिलं नाही.

मग पोरांना हवेचा दाब लागला तर? त्याची सोय टेंभेकरांनी केली होती. प्रयोगशाळेतल्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं असे, 'आजचा दाब: ७६०'. 'आजचा' म्हणजे रोजचा. सुरुवातीला खडूनं लिहीत. पुसलं जातं म्हणून नंतर पेंटर बोलावून पांढऱ्या ऑईलपेंटनं लिहून घेतलं. सातशे साठ मिलिमीटर हा समुद्रकाठचा दाब. यवतमाळ डोंगरावर आहे, आणि उंचावर हवेचा भार कमी. इथं समुद्र कुणी स्वप्नातही पाहिला नाही. पण दसऱ्याला त्या सातशे साठलाही हळदकुंकू लागे. मी पहिल्या वर्षी तोंड उघडलं होतं. "भुसारी," टेंभेकर म्हणाले, "इंटरच्या पोरांना एवढी बारीक चिरफाड कशाला?" पुढंही बोललो. उत्तर तेच.

छप्पन साल संपून सत्तावन्न लागलं. त्या जूनमध्ये तुळशीराम आला. मारेगावकडच्या एका खेड्यातला, आदल्या वर्षीच्या दसऱ्याला नागपुरात दीक्षा घेऊन आलेलं घर. पहिल्या दिवशी बाप पोहोचवायला आला होता. सखाराम त्यांचं नाव. दारातच उभे राहिले. मी आत या म्हटलं तर आधी कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपाकडे बघितलं.

"सायेब, याले इथं पाण्याले हात लावा लागन काय?"

"लागेल की. पाणी मोजायचं, तापवायचं, उकळायचं."

"कोणी काई म्हनन?"

"म्हणू दे. मग मी आहे."

ते थोडं हसले आणि उंबऱ्याच्या आत आले. मग आपणहोऊन सांगू लागले. "आमी गावकीची कामं सोडली, सायेब. मेलेलं ढोर वढनं बंद. तं गावानं आमचं धान बंद केलं. विहिरीवर गेलो तं पाटील म्हने, पाण्याचा नियम हाय, तुमच्या हातानं बाटते. म्या म्हटलं, बाटलेलं पानी कसं दिसते? कोनं पाह्यलं? तं म्हने, पाहाची गरज नाही." पोराच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "याले म्या सांगितलं हाय, पाहाजो आन् मंगच मानजो."

तुळशीराम डॉक्टर होणार होता. हे त्या घरानंच नव्हे, त्यांच्या सगळ्या वस्तीनं ठरवलं होतं. इंटर सायन्स, म्हणजे मॅट्रिकनंतरची दोन वर्षं, चांगल्या तऱ्हेनं पास झाला की नागपूरला मेडिकल. त्यासाठी बाप मारेगावच्या जिनात कापसाच्या गाठी उचलत होता. पोरगा कमी बोले. पण रीडिंग जमवत नसे. लंबकाचं उत्तर पुस्तकापेक्षा थोडं इकडेतिकडे आलं की तसंच लिही आणि खाली चूक कुठं झाली असेल ते लिही. त्याच्या जर्नलावर सही करताना मला डेमॉन्स्ट्रेटर असल्याचं बरं वाटे. अशी जर्नलं मला सगळ्या नोकरीत फार थोडी मिळाली.

दोन वर्षांनी इंटरची प्रॅक्टिकलची परीक्षा आली. बाहेरचे परीक्षक नागपूरहून आले. सुटाबुटातले, विद्वान, चेहऱ्यानं प्रेमळ. तुळशीरामला चिठ्ठीत प्रयोग निघाला, थर्मामीटर तपासण्याचा. प्रयोग सोपा. तांब्याच्या एका भांड्यात पाणी उकळायचं, थर्मामीटर वाफेत धरायचं, पारा थांबेल तो आकडा घ्यायचा. मग हवेच्या दाबावरून, कोष्टक बघून, वाफ किती अंशावर असायला हवी ते काढायचं. दोन्हीत फरक पडला तर तेवढी त्या थर्मामीटरची चूक. दाब कमी तर वाफ शंभराच्या खाली, दाब सातशे साठ असेल तर वाफ शंभर अंशांवर. हेच शाळेतलं 'पाणी शंभराला उकळतं'. पोरं काय करत? शंभर लिहीत, 'चूक शून्य' लिहीत आणि चहाला जात.

तुळशीरामला साडेअठ्ठ्याण्णव दिसले. त्यानं पाणी आणखी उकळू दिलं. साडेअठ्ठ्याण्णवच. उठून माझ्याकडे आला, दुसरं थर्मामीटर मागितलं. ते वेगळ्या कारखान्याचं होतं. तेही साडेअठ्ठ्याण्णव. तिसरं मागितलं, माझ्या स्वतःच्या खणातलं दिलं. तेही तिथंच. मग तो खाली बसला आणि आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यानं निष्कर्ष लिहिला. त्याचा अर्थ असा: "तीन वेगवेगळी थर्मामीटरं एकसारखी चुकणार नाहीत. थर्मामीटर बरोबर आहे. फळ्यावरचा आकडा चुकीचा आहे."

परीक्षकांनी तो वाचला. टेंभेकरांना दाखवला. टेंभेकरांचा चेहरा लाल झाला, जणू त्यांच्याच कपाळावरचं कुंकू कुणी पुसलं.

मी पुढं झालो. "सर, किल्ली द्या. दाबमापक भिंतीपलीकडे आहे. आत्ता वाचू."

"परीक्षा चालू आहे, भुसारी. जागेवर जा."

मी परीक्षकांकडे वळलो. मला वाटलं, या माणसाला ठाऊक नसेल, समजावून सांगितलं की संपलं. मी समुद्र, डोंगर, दाब असं सांगू लागलो तर ते हसले. "अहो, मला ठाऊक नाही का? यवतमाळला सातशे वीसच्या आसपास असणार. पोराचं रीडिंग अगदी बरोबर असेल."

"मग?"

"मग काय? प्रश्न रीडिंगचा नाही. फळ्यावर सातशे साठ दिलंय. दिलेलं चूक आहे असं विद्यार्थ्यानं ठरवायचं नसतं."

वाचकहो, अडाण्यावर माझा कधीच राग नव्हता. ज्याला ठाऊक नाही त्याला सांगता येतं. पण सगळं ठाऊक असून, कोष्टकं पाठ असून, खोटं ते खरं धरून चालायचं आणि त्यालाच शिस्त म्हणायचं, हे मला आजही सहन होत नाही. त्या खोलीत टेंभेकरांना ठाऊक होतं, परीक्षकांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. आणि तरी आम्ही सगळे त्या रंगवलेल्या आकड्याभोवती उभे होतो.

परीक्षकांनी तुळशीरामला जवळ बोलावलं. अगदी मायेनं बोलले. "बाळ, ही शेवटची ओळ खोड. थर्मामीटरमध्ये दीड अंशाची चूक आहे, एवढंच लिही. मी तुला पास करतो."

तुळशीराम उभा राहिला. त्याला काय काय दिसत असेल त्या क्षणी? मेडिकल कॉलेज, जिनातला बाप, सगळी वस्ती. म्हणाला, "सर, अजून एक थर्मामीटर द्या. तुमचं द्या. त्यात शंभर आलं तं मी खोडतो."

आपलीच साक्ष खोटी ठरू द्यायला तो स्वतःहून तयार होता. विज्ञान यापेक्षा वेगळं काय असतं? तीनशे वर्षं धडपडून माणसानं जे मिळवलं ते त्या एका वाक्यात होतं, आणि ते म्हणणारा अठरा-एकोणीस वर्षांचा होता. परीक्षकांनी घड्याळ बघितलं. पाणी अजून उकळत होतं, वाफ येत होती, नुसती मान वळवायची होती.

"बघायची गरज नाही," ते म्हणाले.

तुळशीरामनं ओळ खोडली नाही. प्रॅक्टिकलमध्ये नापास, म्हणजे इंटर नापास. मी विद्यापीठाला लिहिलं. परीक्षकांचा निर्णय अंतिम असतो, असं एका ओळीचं उत्तर आलं, अंतिम म्हणे. मी प्राचार्यांच्या खोलीत जाऊन भांडलो, तेव्हा आवाज बाहेर ऑफिसपर्यंत गेला होता. मला मेमो मिळाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरून टर्पेंटाईन आणि पत्र्याचा तुकडा नेला आणि ते सातशे साठ खरवडून काढलं. जूनमध्ये टेंभेकरांनी पेंटर बोलावला. मला पुढं बढती मिळाली नाही, त्याचं काही नाही. सासऱ्यांची तेवढी पंचाईत झाली.

निकालानंतर सखाराम आले. या वेळी दारात थांबले नाहीत, सरळ माझ्या टेबलापाशी येऊन बसले. मी रागानं भडाभडा सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"पानी किती अंशावर उकयलं, सायेब?"

"साडेअठ्ठ्याण्णव."

"पोरानं तेच लिवलं?"

"हो."

"आन् त्या सायबानं वाकून पाह्यलं काय?"

"नाही. म्हणाले, बघायची गरज नाही."

सखारामांनी पिंपाकडे बघितलं. "मंग तो आमच्याच गावचा हाय," म्हणाले. आणि उठले.

ऑक्टोबरच्या परीक्षेला पुन्हा बसव, असं मी सांगितलं होतं. पण पावसाळ्यात जिनाच्या गोदामात सखारामांच्या पाठीवर कापसाची गाठ पडली आणि ते अंथरुणाला खिळले. तुळशीराम मारेगावच्या बाजूला एका प्राथमिक शाळेत गुरुजी म्हणून लागला. मेडिकलचं नाव निघेनासं झालं. त्या वर्षी शंभर लिहून पास झालेल्यांतले काही आज डॉक्टर आहेत. ताप आला तर ते थर्मामीटर बघतात की पुस्तक, कोण जाणे. मी त्यांच्याकडे जात नाही.

मी निवृत्त होण्याच्या वर्षी कॉलेजला नवा दाबमापक आला. जुना, कधी कुणी न वापरलेला, उत्तम चालणारा, डेडस्टॉकच्या वहीतून खारीज करून लिलावात काढला. टेंभेकर त्याआधीच गेले होते. किल्ली कपाटालाच लटकत होती. मी तो घेतला. लाकडावर दसऱ्यांच्या कुंकवाचे थरावर थर बसले होते, ते ओल्या फडक्यानं पुसले. तो नेण्याची एक रीत आहे. खालचा स्क्रू पिळून पारा नळीत गच्च चढवायचा आणि मग सगळं उलटं करून धरायचं, नाहीतर पारा हेलकावून काच फुटते. असा उलटा, उभा, दोन्ही हातांनी धरून मी एसटीत बसलो. कंडक्टर म्हणाला, "काका, हे काय हाय? बंदूक?" म्हटलं, हवा मोजायचं यंत्र. "मंग हवेचं तिकीट नाही लागत," म्हणाला आणि मला खिडकीची जागा दिली.

तुळशीरामची शाळा म्हणजे कौलारू दोन खोल्या. तो आता चांगला भरला होता, कानाशी केस पांढरे. मी न सांगता आलो होतो. वर्गात चूल पेटली होती, वर जर्मनचं पातेलं, आणि भोवती सगळ्या घरांची पोरं गर्दी करून थर्मामीटरवर वाकली होती. एक मुलगी म्हणत होती, "गुरुजी, पुस्तकात शंभर हाय आन् हे तं नव्व्याण्णव दाखवून राह्यलं. शंभर लिवू काय?" त्यानं खिशातून दुसरं थर्मामीटर काढून तिच्या हातात दिलं.

मला बघून तो धावत आला, पायांना हात लावू लागला, मी थांबवलं. खिळा ठोकून दाबमापक भिंतीला टांगला, स्क्रू सैल केला. पारा सावकाश उतरला आणि सातशे चाळीसच्या जवळ थांबला. मारेगाव यवतमाळपेक्षा खाली आहे, म्हणून हवेचा भार जास्त. कोष्टक मी खिशातून आणलं होतं. त्यानं ते बघितलं: नव्व्याण्णव आणि थोडं वर. पातेल्याकडे बघितलं. त्या मुलीनं पाटीवर नव्व्याण्णवच लिहिलं होतं. पोरांनी टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या, मूर्खासारख्या.

तुळशीराम टाळ्या वाजवत नव्हता. तो पितळी पट्टीवर बोट ठेवून उभा होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला,

"सर, मले हे त्या दिवशी पाहिजे होतं."

होतंच की तिथं. भिंतीपलीकडे.